लॅटिन, युक्लिड आणि दर बुधवारचा मास : लेकीच्या कॅथलिक शाळेतले दहा महिने

गेल्या ऑगस्टमध्ये लेकीला नववीसाठी एका छोट्या कॅथलिक हायस्कूलमध्ये घातलं. आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. मेअखेर तिचं वर्ष संपलं. शाळा निवडताना मराठीत कुणाचाच अनुभव वाचायला मिळाला नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते आहे. शाळेचं नाव देत नाही. आम्ही कॅथलिक नाही, आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो. हे आधीच सांगते, कारण पुढचं बरंच काही त्याच्याशी जोडलेलं आहे.

कॅथलिक शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉन्व्हेंट येतं : फाडफाड इंग्रजी, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, सिस्टरांचा धाक. युनिफॉर्म इथेही आहे, पण शिक्षक जवळजवळ सगळे संसारी लोक आहेत, आणि शिकवतात ते जुन्या सात विद्यांच्या वाटेने. व्याकरण, तर्क, वक्तृत्व या पहिल्या तीन. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या पुढच्या चार. मध्ययुगातल्या युरोपी विद्यापीठांचा हाच पाया होता, आणि जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने, १५९९ मध्ये आपल्या शाळांसाठी जो अभ्यासक्रम ठरवला त्यातही लॅटिन-ग्रीक साहित्य आणि वक्तृत्व यांनाच मान होता. गेल्या तीस-चाळीस वर्षांत अमेरिकेत अशा शाळा पुन्हा निघाल्या आहेत. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये केलेल्या एका भाषणाचा दाखला त्यातले बरेच लोक देतात : आपण मुलांना विषय शिकवतो, पण शिकायचं कसं ते शिकवत नाही. हे भाषण मी प्रवेश घेण्याआधी दोनदा वाचलं होतं. तरी प्रत्यक्षात काय होतं ते वाचून कळत नाही.

सुरुवात लॅटिनपासून करते, कारण आमच्या घरात सर्वांत मोठा बदल त्याने झाला. रोज पाऊण तास लॅटिन. पहिले दोन महिने निव्वळ घोकंपट्टी : रोझा, रोझे, रोझे, रोझाम, रोझा. लेक रडकुंडीला आली होती. इथल्या सरकारी शाळेत आठवीपर्यंत तिला कुणी काही पाठ करायला लावलंच नव्हतं. ऑक्टोबरमध्ये एका रविवारी तिने साताऱ्याला आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि ही रूपं म्हणून दाखवली. माझी आई शाळेत संस्कृत शिकवायची. तिने लगेच विचारलं, "द्वितीया कोणती?" लेक म्हणाली, "रोझाम." आई म्हणाली, "मालाम्. बघ, शेवटचा म् तोच आहे."

त्या दिवसापासून दर रविवारी दोघींची शिकवणी सुरू झाली. संस्कृतात संबोधन धरून आठ विभक्त्या, लॅटिनमध्ये सहा. तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी यांचं काम तिकडे एकटी अ‍ॅब्लेटिव्ह करते. द्विवचन नाही, ते लेकीला फार बरं वाटलं. मग शब्दांची यादी वाढत गेली : एस्त म्हणजे अस्ति, सुंत म्हणजे सन्ति, सेप्तेम म्हणजे सप्त, इग्निस म्हणजे अग्नी, विदुआ म्हणजे विधवा. ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात हेच नातं मांडलं होतं, हे आईला माहीत होतं आणि मला नव्हतं. मी स्वतः दहावीला शंभर मार्कांचं संस्कृत घेतलं ते केवळ टक्केवारीसाठी. माझी लेक टेक्सासमध्ये लॅटिन शिकत असताना तिला आजीच्या विषयाची गोडी लागली, आणि आजीला एवढ्या वर्षांनी एक विद्यार्थिनी मिळाली. या एका गोष्टीसाठी मी त्या शाळेची कायम ऋणी राहीन.

उच्चारांबद्दल एक सांगते, कारण पालक यात गोंधळतात. कॅथलिक शाळेत बहुधा चर्चचा उच्चार असतो, म्हणजे सीझरचं "आलो, पाहिलं, जिंकलं" हे वाक्य वेनी, वीदी, वीची असं म्हणतात. इतरत्र शिकलेली मुलं वीकी म्हणतात. दोन्ही चालतात. स्पर्धेला किंवा दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर आधी चौकशी करा, एवढंच.

दुसरी गोष्ट सेमिनारची. तेरा मुलं, एक लांबट टेबल, ऐंशी मिनिटं. शिक्षक फक्त एक प्रश्न टाकतात आणि बाजूला बसतात. मुलांनी एकमेकांना आडनावाने, मिस्टर-मिस लावून हाक मारायची. मत मांडलं की पान उघडून ओळ दाखवायची. दाखवता आली नाही, तर ते मत तिथेच थांबतं. नववीचं वर्ष ग्रीकांचं असतं. पहिल्या सहामाहीत इलियड हे ट्रॉयच्या युद्धाचं महाकाव्य, मग ओडिसी, सोफोक्लीसची अँटिगनी आणि प्लेटोने लिहिलेलं सॉक्रेटिसचं न्यायालयातलं भाषण.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इलियडचा चोविसावा, शेवटचा भाग होता. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत जातो, आपल्या मुलांना मारणाऱ्या अकिलीसच्या हातांचं चुंबन घेतो आणि आपल्या मुलाचं, हेक्टरचं, प्रेत मागतो. प्रश्न होता : अकिलीस प्रेत परत का देतो? लेक घरी आली ती गप्पच. जेवताना म्हणाली, अर्धा वर्ग म्हणत होता की देवांची आज्ञा होती म्हणून, आणि ते पानावर आहेच. पण प्रायम त्याला त्याच्या बापाची आठवण करून देतो, आणि दोघं एकत्र रडतात, तेही पानावर आहे. मग अकिलीस अंत्यविधीसाठी अकरा दिवस लढाई थांबवायचं कबूल करतो. जरा थांबून तिने विचारलं, "आई, तुला आबांना शेवटचं बघता आलं नाही ना?"

माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तिकीट मिळून मी पोहोचले ती तिसऱ्या दिवशी. त्यावर आमच्या घरात कधी बोलणंच झालं नव्हतं. त्या रात्री आम्ही दीड तास बोललो. इतक्या सावकाश, ओळ न् ओळ वाचल्याशिवाय पंधरा वर्षांच्या मुलीला तो प्रश्न सुचला असता, असं मला वाटत नाही. वर्षभरात ती जेमतेम सात-आठ पुस्तकं वाचते. पूर्वी महिन्याला तेवढी वाचायची आणि विसरून जायची.

भूमिती थेट युक्लिड या प्राचीन ग्रीक गणितज्ञाच्या ग्रंथावरून. पाठ्यपुस्तक नाही. रोज एकाने फळ्यापाशी जायचं आणि हातात कागद न घेता प्रमेय सिद्ध करून दाखवायचं. पहिलं प्रमेय दोन वर्तुळं काढून समभुज त्रिकोण रचायचं, ते सोपं आहे. पाचव्यापाशी, म्हणजे समद्विभुज त्रिकोणाच्या पायाजवळचे कोन समान असतात तिथे, ती अडकली. या प्रमेयाला फार पूर्वीपासून गाढवांचा पूल म्हणतात, कारण कच्चे विद्यार्थी तो ओलांडत नाहीत. ती चार दिवस सलग फळ्यापाशी जाऊन चुकली. शिक्षक दर वेळी एवढंच विचारायचे, "हे कशावरून?" पाचव्या दिवशी जमलं.

मी मराठी माध्यमात शिकले. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, आणि शेवटी इति सिद्धम्, ही मांडणी माझ्या हाडात आहे. पण मी सिद्धता पाठ केली होती. एप्रिलमध्ये लेकीने पहिल्या पुस्तकातलं सत्तेचाळिसावं प्रमेय, आपला पायथागोरस, स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फळ्यावर मला समजावलं. कर्णावरच्या चौरसाचे दोन तुकडे एकेका बाजूच्या चौरसाएवढे कसे होतात हे मला बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिसलं. शेवटी तिने लॅटिनमध्ये क्वोद एरात देमोन्स्त्रांदुम लिहिलं, आणि मी त्याखाली इति सिद्धम्. तो फळा अजून पुसलेला नाही.

संगीत म्हणजे इथे ग्रेगोरियन गायन. चार रेघांवर चौकोनी स्वरचिन्हं असतात, आणि साथीला वाद्य नाही. यावर जास्त लिहिण्याइतकं मला कळत नाही. लेकीला आवडतं.

आता धर्म. इथे मराठी पालकांनी नीट विचार करावा. शाळेत दर बुधवारी मास, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, असतो आणि सगळ्यांना बसावं लागतं. कॅथलिक नसलेल्यांना कम्युनियन, म्हणजे मासमध्ये देतात ती पवित्र भाकरी, घेता येत नाही. हात छातीवर दुमडून पुढे गेलं तर पाद्री आशीर्वाद देतात, किंवा बाकावर बसून राहिलं तरी चालतं. लेक बसून राहते. धर्मशास्त्र हा विषय रोजचा आणि सक्तीचा आहे. परीक्षेत चर्चची शिकवण काय आहे असं विचारतात, तुझी श्रद्धा काय असं विचारत नाहीत, आणि हा फरक त्यांनी वर्षभर पाळला.

एकदा मात्र ठेच लागली. बायबलच्या जुन्या करारातले मूर्तिपूजेबद्दलचे उतारे चालले होते, आणि शिक्षक म्हणाले की भारतात आजही लोक दगडालाच देव समजतात. लेक वर्गात काही बोलली नाही. घरी येऊन खोलीचं दार लावून घेतलं. मला खूप लागलं. मी दुसऱ्याच दिवशी वेळ घेऊन शाळेत गेले. मी सांगितलं की तुमचा धर्म तुम्ही शिकवा, त्यासाठीच ही शाळा आहे, पण आमच्याबद्दल जे सांगाल ते खरं असू द्या. प्राणप्रतिष्ठा म्हणजे काय आणि विसर्जन का करतात ते सांगितलं. शिक्षकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, मध्ययुगातला कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अक्विनास कुठलाही मुद्दा मांडताना आधी विरोधकाचं म्हणणं देतो आणि मगच उत्तराकडे वळतो. त्याचंच नाव घेऊन शिकवणाऱ्याकडून ही चूक व्हायला नको होती. मी म्हटलं, आमच्याकडे याला पूर्वपक्ष म्हणतात. त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. पुढच्या तासाला लेकीची तयारी असेल तर तिने बोलावं, असं त्यांनी विचारलं, आणि ती दहा मिनिटं बोलली. त्यांचं मत बदललं नाही, तशी माझी अपेक्षाही नव्हती. पण असा प्रसंग आलाच नसता तर बरं झालं असतं. जिच्या घरी या गोष्टींवर बोलणं होत नाही अशी एखादी मुलगी ते मनात घेऊन गप्प राहिली असती.

त्यामुळे आम्हालाही घरी कामाला लागावं लागलं. आरती आपण का म्हणतो, हे तिला विचारता येतं आणि आम्हाला "कशावरून" हे सांगता यायला हवं. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी ही शाळा घेऊ नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

उणिवा आहेत आणि त्या छोट्या नाहीत. विज्ञानाची प्रयोगशाळा म्हणजे एका खोलीत चार टेबलं. रसायनशास्त्राचे प्रयोग वर्षभरात मोजून सहा झाले. एपीचा, म्हणजे हायस्कूलमध्येच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा, एकही कोर्स नाही. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि तो प्रश्न चुकीचा नाही. इंजिनिअरिंगकडे जायचं नक्की असेल, तर गणिताचा वेग इथे कमी पडतो. आम्ही बीजगणितासाठी शनिवारी वेगळी शिकवणी लावली आहे. अशा शाळांची बरीच मुलं कॉलेजप्रवेशासाठी सीएलटी नावाची परीक्षा देतात. ती २०१५ मध्ये सुरू झाली आणि फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांनी २०२३ मध्ये प्रवेशासाठी मान्य केली. तरी ज्या कॉलेजांना प्रवेशपरीक्षा लागते त्यातली बहुतेक एसएटी किंवा एसीटीच मागतात, हे धरून चाला. फी वर्षाला चौदा हजार डॉलरच्या घरात गेली, शिवाय स्कूलबस नाही. सकाळ-संध्याकाळ पंचवीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवायची. मैत्रिणींचं वर्तुळही लहान झालं. तेराजणांत एकीशी बिनसलं की पळायला जागा नसते. फेब्रुवारीत तसं झालं, आणि तो महिना तिला फार जड गेला.

शाळेत फोन आणू देत नाहीत. पहिले तीन आठवडे भांडणं झाली, मग तिलाच सवय झाली. आता तिच्या दप्तरात एक उताऱ्यांची वही असते. वाचताना आवडलेलं हाताने उतरवून काढायचं, ही शाळेची अट. शेवटच्या पानांवर तिने आजीकडून मनाच्या श्लोकांतले सहा श्लोक देवनागरीत लिहून घेतले आहेत. मात्रा दोन-तीन ठिकाणी चुकल्या आहेत, मी त्या तशाच ठेवल्या.

पुढच्या वर्षाचे पैसे आम्ही जूनमध्ये भरले. दहावीचं वर्ष रोमचं असतं, म्हणजे रोमन कवी व्हर्जिल. प्रयोगशाळेबद्दल आम्ही चार पालकांनी मिळून शाळेला पत्र दिलं आहे, उत्तर ऑगस्टमध्ये मिळेल असं सांगितलंय. सध्या लेक साताऱ्यात आहे. काल फोन केला तेव्हा दोघी अंगणात बसून धातूंची रूपं म्हणत होत्या, एकदा लॅटिन, एकदा संस्कृत, आणि माझ्याशी बोलायला त्यांना वेळ नव्हता.