कार्पेट बसवून घेताना दराकडे नाही, मापाकडे बघा

सासूबाईंच्या खोलीत ग्रॅनाइट आहे. बेळगावच्या थंडीत त्यावर पाय टेकला की त्यांचे गुडघे धरतात, म्हणून खोलीभर कार्पेट घालून घ्यायचं ठरलं. ओळखीतून एक फिटर मिळाला. कुठल्या दुकानाचा माणूस नाही, स्वतःच माल आणतो, स्वतःच बसवतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही, पण पैसे कसे काढले ते सगळं सांगते, कारण माझ्या नणंदेच्या ओळखीत, खानापुरातही अगदी हाच प्रकार झाला आहे.

बोलायला माणूस फार गोड. "वैनी, काय काळजी करू नका, आपल्याच घरचं काम म्हणून करतो." दर सांगितला तो असा: कार्पेट ८५ रुपये चौरस फूट, खालचा फोम २०, मजुरी १५. एकूण १२०. खोली ११ बाय १४, म्हणजे १५४ चौरस फूट. हिशेब १८,४८० रुपयांचा. दहा हजार ॲडव्हान्स रोख घेतले. "जीपेचं लिमिट संपलंय" म्हणाला.

काम झालं आणि हातात चिठ्ठी पडली २७,०४० रुपयांची. पावती नव्हे, वहीचं फाडलेलं पान. त्यावर माप होतं १९२ चौरस फूट. का, तर रोल १२ फुटी येतो आणि लांबीला कापायला जास्त लागतं, म्हणून १२ बाय १६. खाली आणखी ४,००० रुपये: सोल्युशन, दाराची पट्टी, टेम्पोभाडं, कपाट सरकवायचे, दार खालून तासायचे. बोलताना यातल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता.

रोल १२ फुटी असतो हे खरं आहे. ११ फुटी खोलीला त्यातलं फूटभर वाया जाणारच, तेही मान्य. पण लांबीला कापण्यासाठी सहा इंच जादा धरले तरी पुष्कळ. १२ गुणिले साडेचौदा म्हणजे १७४ चौरस फूट कार्पेट. आणि फोम? मजुरी? ती तर बसवलेल्या जागेवरच धरायची, १५४ वर. असा हिशेब केला तर २०,१८० रुपये होतात. या माणसाने मजुरीसुद्धा १९२ वर लावली, म्हणजे जिथे फरशीच नाही तिथलीही मजुरी घेतली. शिवाय ज्या उरलेल्या कार्पेटचे पैसे आमच्याकडून घेतले, ते गुंडाळून टेम्पोत घालून नेलं. "तुकडे टाकून देतो" म्हणाला. दीड-दोन फूट रुंद आणि १२ फूट लांब तुकडा कोण टाकून देतं?

घरात पाहुणे होते, सासूबाई दुसऱ्या खोलीत अवघडून बसल्या होत्या. यजमानांनी पैसे देऊन विषय मिटवला. तिथवर असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

पाऊस लागला आणि खोलीला कुबट वास यायला लागला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, भिंतीसुद्धा घाम धरतात. कपाटामागचा कोपरा पक्कडीने उचलून बघितला. खाली फोम नव्हताच. ग्रॅनाइटवर सोल्युशनचे पिवळे ओघळ, त्यात चिकटून बसलेला वर्तमानपत्राचा कागद, आणि कार्पेटची पाठ ओलसर, काळ्या ठिपक्यांची. दाराकडून उचललं तर तिथे फोम होता, जेमतेम दोन फूट. म्हणजे आत शिरताना पायाला मऊ लागेल एवढाच. १९२ चौरस फूट फोमचे ३,८४० रुपये मोजलेत आम्ही. ज्या म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्यांसाठी हे सगळं केलं, तिचा पलंग जिथे आहे तिथे खाली काहीच नाही. याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

फोन केला तर आधी "चंदगडला काम चाललंय", मग "निपाणीत आहे", नंतर उचलायचाच बंद झाला. अलीकडची-पलीकडची हद्द दाखवून टाळायची ही सवय आपल्याकडे बऱ्याच जणांना आहे. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. समोरचा महाराष्ट्रात राहत असला म्हणून कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत. आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं. अडतं ते एकाच ठिकाणी: नोटीस पाठवायला त्याचा पत्ता लागतो, आणि रोखीच्या व्यवहारात तो कुठेच नसतो. म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी आधारवरचा पत्ता टिपून घ्या आणि पैसे खात्यावरच टाका. लिमिट संपलं म्हणाला तर उद्या देतो म्हणा.

माप घेताना टेपचं दुसरं टोक घरच्या माणसाने धरावं. कार्पेटचे चौरस फूट वेगळे, फोम-मजुरीचे वेगळे, असं त्याच्याच हाताने लिहून घ्यावं, पट्टी आणि सोल्युशन धरून. फोम पूर्ण अंथरून झाला की मोबाइलवर फोटो काढा, मगच वरचं कार्पेट टाकू द्या. त्या वेळी चहा करायला आत जाऊ नका. आम्हाला त्याने नेमका तेव्हाच चहा मागितला होता.