क्लिनिक की वस्ती? मानसशास्त्रात एमए झाल्यावर

एमए झालेली मुलं-मुली विचारतात, पुढे क्लिनिकल शिकू की एखाद्या संस्थेबरोबर वस्तीत जाऊ? मी मुंबईत दोन्ही केलंय. माझा कल वस्तीकडे आहे, हे आधीच सांगते.

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायचं, तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण हवं. तिथे निदान शिकता, आत्महत्येचा धोका ओळखायला शिकता, शेजारी मनोविकारतज्ज्ञ असतात. खोलीचं दार बंद होतं, हेही मोठं सुख. पण त्या दारापर्यंत यायला गोवंडीच्या बाईला दिवसाची मजुरी सोडावी लागते.

वस्तीत आम्ही गोधडी शिवायला बसायचो. समोरासमोर बसवून 'काय झालं ते सांगा' म्हटलं की बायका गप्प होतात. हातात सुई असली की नजर खाली राहते, सांगायची सक्ती उरत नाही. एक ताई तीन आठवडे नुसते टाके घालत होती, दाराजवळची जागा धरून. आम्ही ती जागा तिच्यासाठी रिकामी ठेवायचो. चौथ्या आठवड्यात ती स्वतःहून नवऱ्याबद्दल बोलली. मात्र पत्र्याच्या भिंतीपलीकडे जाऊबाई ऐकत असते. गुप्ततेचा हा प्रश्न आम्हाला कधीच पूर्ण सुटला नाही.

चित्र, नाट्य, नृत्य यांतून थेरपी शिकवणाऱ्या नुसत्या छोट्या कोर्सेसवर विसंबू नका. झोपडी तुटलेल्या पोराला 'घर काढ' म्हणणं सोपं असतं. त्यातून जे वर येतं ते सांभाळायला थेरपीचा पाया लागतो.

पगार वस्तीत कमी, आणि प्रकल्पाचा निधी संपला की नोकरीही जाते. घरचं भाडं तुमच्यावर असेल तर हे हलक्यात घेऊ नका.

दोन्ही वाटा जुळतात अशी एक जागा जरूर समजून घ्या: महापालिका आणि आरोग्यावर संशोधन करणारी 'सेहत' ही संस्था यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेलं 'दिलासा' केंद्र. मारहाणीची जखम दाखवायला आलेल्या बाईला तिथेच समुपदेशन मिळतं, वेगळा बहाणा शोधावा लागत नाही.

कुठेही मुलाखतीला गेलात तर दोन प्रश्न विचारा. माझ्या केसेसवर माझ्यासोबत कोण बसणार, आणि किती वेळा? रात्री कुणी मरायचं बोललं तर मी कुणाला फोन करायचा? उत्तर अडखळलं तर ती नोकरी घेऊ नका, वस्तीतली असली तरी.