लातूरच्या ट्यूशन एरियातलं मेडिकल, पाचपैकी पाच स्टार

बहीण नीटची तयारी करायलीय म्हणून माझं लातूरला जाणं-येणं असतं, तिच्या हॉस्टेलच्या गल्लीतल्या मेडिकलबद्दल लिहायलोय. इथले काका मागितली की गोळी काढून देत नाहीत, आधी विचारतात, स्टार त्याचेच.

हॉस्टेलवर काय चालतं माहितीये ना, रविवारी टेस्ट अन् शुक्रवारी ताप, डॉक्टरकडं नंबर लावून बसायला वेळ कुणाला, मग रूममेटची उरलेली ॲझिथ्रो, म्हणजे ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, घ्यायची, दोन गोळ्यांत बरं वाटलं की बंद, राहिलेली पुढच्या आजारी पोराला. साध्या व्हायरल तापावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो हे तिथं कुणी सांगत नाही.

मागं माझ्यासमोर एक पोरगं गोळ्यांचा रिकामा पत्ता घेऊन आलं, काका हेच द्या म्हणे. काकांनी पत्त्यावरची लाल रेघ दाखवली, बाळा हे सेफिक्झिम आहे, अँटिबायोटिक, शेड्यूल एच वन म्हणजे कडक नियमाच्या औषधांच्या यादीतलं, डॉक्टरची चिठ्ठी लागते, रजिस्टरला डॉक्टरचं अन् पेशंटचं नाव लिहावं लागतं. मग ताप कधीपासून, अजून काय काय खाल्लंस. पोरगं पॅरासिटामॉल 650 दिवसाला पाच घ्यायलं होतं, वरून सर्दीच्या तीन. काकांनी सर्दीच्या पत्त्यामागची बारीक अक्षरं त्यालाच वाचायला लावली, त्यातही पॅरासिटामॉल 500! सव्वातीन अन् दीड, पावणेपाच ग्रॅम झालं, मोठ्या माणसाला दिवसाची हद्द 4 ग्रॅम, त्याच्यावर लिव्हरला धोका. पोरगं गपगारच झालं. अंग लई दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन मागितलं तर तेही दिलं नाही, पावसाळ्याचा ताप आहे, डेंग्यू निघाला तर त्या गोळीनं रक्तस्रावाची भीती, आधी रक्त तपास. पैशाची अडचण असंल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जा म्हणून सांगितलं, ओआरएस तेवढं दिलं.

गिऱ्हाईक परत पाठवायला छाती लागते राव, गल्लीत बाकीची दुकानं न विचारता देतात, पोरं सरळ तिकडं जातात.

डिस्काउंट नाही, घरपोच नाही, संध्याकाळी क्लास सुटल्यावर गर्दी असते. उदगीर, अहमदपूर, नांदेडकडून लेकरं ठेवायला येणाऱ्यांनी एकदा काकांना भेटून जा, लेकराला कशाची ॲलर्जी असंल तर सांगा, ते वहीत लिहून ठेवतात.