आईच्या कंबरेसाठी मोठी चाकं घेतली आणि ५५,४०० रुपयांना फसलो

दोन महिने लिहू का नको चाललं होतं, कारण सांगायची लाज वाटते. पण परवा ऑफिसमधला एक मुलगा म्हणाला की तोही "कम्फर्टसाठी" सोळा इंची अलॉय चाकं टाकतोय, मग राहवलं नाही.

माझी गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीचे टायर १६५/८० आर१४, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची. आईला मणक्याचा त्रास, एल४-एल५ म्हणजे कंबरेतले खालचे मणके, दर पंधरा दिवसांनी साताऱ्याहून पुण्याला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. परत येताना खंबाटकी ओलांडेपर्यंत ती सीटची कड घट्ट धरून बसलेली असते, ते बघवत नाही. मला फक्त धक्के कमी करायचे होते. शोबाजीचा शौक कधीच नव्हता, हे आधीच सांगतो, कारण ज्याला सांगावं तो पहिल्यांदा तेच बोलतो.

ऑगस्ट २०२४. पुण्यातलं मोठं काचेचं दुकान, आत एसी, चहा. मालक म्हणाला, "दादा, चौदाचं चाक खड्ड्यात पडतं, सोळाचं वरून निघून जातं. आणि टायर रुंद, म्हणजे गादी मोठी." आईचं नाव काढल्यावर तर त्याने स्वतःच्या आईचं ऑपरेशन सांगितलं.

हिशोब असा: १६ इंची अलॉयचा सेट ३४,०००, टायर १९५/५५ आर१६ एकेक ६,८०० म्हणजे २७,२००, फिटिंग बॅलन्सिंग अलाइनमेंट १,८००, नायट्रोजन ४००. त्यातून माझा जुना सेट रिमसकट ८,००० ला वजा, जेमतेम ९,००० किलोमीटर चाललेला. द्यायचे राहिले ५५,४००. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी २८ टक्के वर पडेल, कशाला?" म्हणून पिवळ्या कागदावर कच्चं बिल दिलं. ५०,००० यूपीआयने, तेही दुकानाच्या नावावर नाही, कुठल्यातरी बाईच्या खात्यावर, ५,४०० रोख. हो, माहितीय. पण समोर आई खुर्चीत अवघडून बसलेली, चार वाजलेले, घाट अंधाराच्या आत गाठायचा होता.

आता जिथे मला कळायलाच पाहिजे होतं ते सांगतो. त्याने मोबाईलवर मला गणित करून दाखवलं. जुन्या टायरचा पूर्ण व्यास ६१९.६ मिलिमीटर, नव्याचा ६२०.९. "बघा, एक मिलिमीटरचा फरक, स्पीडोमीटरसुद्धा हलणार नाही." मला वाटलं माणूस अभ्यासू आहे. अरे पण बाहेरचा घेर तेवढाच आणि आतली रिम दोन इंचांनी मोठी, तर मधलं रबर गेलं कुठे? १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर बाजू. १९५ चे ५५ टक्के म्हणजे १०७. धक्का खाणारी पंचवीस मिलिमीटरची हवा आणि रबर मी पैसे देऊन काढून टाकलं, आणि ते आकडे माझ्या डोळ्यासमोर स्क्रीनवर होते. मी अकाउंट्समध्ये काम करतो, दिवसभर टक्केवारी काढतो, तरी त्या क्षणी मान डोलावली. ही गोष्ट अजून रात्री आठवते.

दुसरी खूण तर बोटालाच लागली होती. टायरवर हात फिरवला तर बोटं काळी चिकट झाली, पॉलिश. टायर कधी बनला ती तारीख विचारली तर म्हणाला आतल्या बाजूला आहे, फिटिंग झालं आता. तारखेसकट पूर्ण नंबर एकाच बाजूला असू शकतो हे खरं आहे, म्हणूनच टायर रिमवर चढायच्या आधी स्वतः उलटा करून बघा. शेवटचे चार आकडे, आठवडा आणि वर्ष. दुकानातल्या पोराने चारही टायर तीच बाजू आत घालून बसवले होते.

८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. स्पीडब्रेकरवर आधी धप्प व्हायचं ते आता खट्ट. आई घाटात एवढंच म्हणाली, "आधीचीच बरी होती रे." फोन केला तर "हजार किलोमीटर चालू द्या, सेट होतील." अशी थरथर चालवून जात नसते.

ऑक्टोबरमध्ये शिरवळजवळ सर्व्हिस रोडला एक खड्डा, पुढच्या डाव्या टायरला लिंबाएवढा फुगा आणि रिमची कड वाकली. पंक्चरवाल्या काकांनी चाक काढलं, उलटं केलं, बॅटरी मारली: ३११८. २०१८ चा एकतिसावा आठवडा, म्हणजे नवे म्हणून मला सहा वर्षं जुने टायर दिले. मग त्यांनी चाकाचं मधलं भोक दाखवलं. रिमचं ७३.१ मिलिमीटर, गाडीच्या हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचं, ५४.१, मध्ये प्लास्टिकची रिंग लागते ती टाकलीच नव्हती, माझं बोट अर्ध्यापर्यंत त्या फटीत गेलं. म्हणून ती थरथर.

दुकानात गेलो तर ओळख दाखवेना. माझा जुना सेट तिथेच रांगेत होता, एका रिमवरचा ओरखडा मीच पार्किंगमध्ये पाडलेला, ओळखला. तोच परत द्या म्हटलं तर १८,००० सांगितले.

चौकीत तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा". मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ छापून नेलं होतं, फसवणुकीचं, कागद न वाचता परत दिला. तिसऱ्यांदा म्हणाले तुम्ही साताऱ्याचे ना, तिकडे द्या. साताऱ्यात म्हणाले व्यवहार पुण्यात झालाय. सुट्ट्या माझ्या गेल्या, पेट्रोल माझं गेलं, आणि आई घरी विचारते काय झालं. बिनबिलाच्या धंद्याची तक्रार द्यायला टॅक्सच्या ऑफिसात गेलो तर दुकानाचा जीएसटी नंबर आणा म्हणे. तो नंबर बिलावर असता तर मी तिथे कशाला गेलो असतो? टायर कंपनीच्या कस्टमर केअरने बिल नाही, डीलर आमचा नाही, म्हणून फोन ठेवला. एवढ्या टेबलांपैकी एकानेही उठून त्या दुकानात फेरी मारली नाही, आणि ते दुकान आजही उघडं आहे.

ज्यांना खरंच आरामासाठी बदलायचंय त्यांनी १५ च्या वर जाऊ नका. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीच १८५/६५ आर१५ देते, त्यात बाजू १२० राहते. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, मला ३८ भरून दिली होती. यूपीआय दुकानाच्याच नावावर करा. जीएसटी वाचवायला जाऊ नका, माझा वाचलाच नाही.

आता चौदाचे साधे रिम आणि टायर पक्क्या बिलावर घेतले, २४,६०० गेले. ग्राहक आयोगात तक्रार करतोय. दोन वर्षांच्या आत करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे मला पुण्याला खेटे नकोत. माझ्याकडे पिवळा कागद, यूपीआयची पावती, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि ३११८ चा फोटो आहे. कच्च्या बिलावर कुणी केस लढवली असेल तर आणखी काय जोडलं ते प्लीज सांगा.