ब्रिस्बेनची बर्फाची रिंक, भाड्याचे बूट आणि ब्रॅडबरी

आधीच सांगते, मला स्केटिंग येत नाही. सांगलीत वाढलेल्या माणसाला बर्फ म्हणजे एक तर गोळा, नाहीतर लग्नात मठ्ठ्याच्या पिंपात सोडायची लादी. तिच्यावर उभं राहायचं असतं हे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेव्हा ज्यांना येतं त्यांनी हा रिव्ह्यू सोडून द्या. हा आपल्यासारख्यांसाठी आहे.

निमित्त ऑफिसातलं. आमच्याकडे फुटीच्या (इथल्या फुटबॉलच्या) सामन्यांचे अंदाज लावायची पैज असते. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, मी जर्सीचे रंग बघून खुणा करते. एका आठवड्यात सगळे दादा संघ हरले आणि बक्षीस आलं माझ्याकडे. शेजारच्या टेबलावरचा ओरडला, ‘यू डिड अ ब्रॅडबरी!’ मला वाटलं हा चॉकलेट मागतोय. घरी येऊन लेकाला विचारलं, तर म्हणाला, पुढचे सगळे आपटले म्हणून मागचा जिंकला की इथे असं म्हणतात, स्टीव्हन ब्रॅडबरी नावाच्या स्केटरवरून. मग त्याने यूट्यूबवर त्याची दीड मिनिटाची शर्यत लावली, आणि ती संपायच्या आत त्याचा हट्ट सुरू झाला की आपण पण बर्फावर जायचं.

गेलो. जानेवारीतला शनिवार, बाहेर ३४ अंश. सोबत तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, हातात शाल. रिंक शोधताना दोनदा पुढे गेलो, कारण ती कारखान्यांच्या वस्तीत, टायरवाला आणि फरशीवाला यांच्या मधे आहे. पत्र्याचं गोडाऊनच म्हणा ना. ‘इथं बर्फ?’ सासूबाई म्हणाल्या. ‘इथं तर सिमेंटची पोती असतील.’ दार उघडलं आणि चष्म्यावर वाफ धरली.

तिकीट माणशी २९ डॉलर, बुटांसकट, दोन तास. सासूबाईंकडून बघायचे म्हणून ५ डॉलर घेतले, ते मला पटलं नाही. म्हातारं माणूस बाकावर बसून शाल पांघरणार, त्याचे कसले पैसे? काउंटरवरची मुलगी मात्र गोड होती. तिने माझी सपाट चप्पल पाहिली आणि न विचारता जाड मोज्यांची जोडी पुढे केली (४ डॉलर, पण वाचवलं तिने).

आता बूट, कारण खरी तक्रार तिथेच आहे. निळ्या प्लॅस्टिकचे, तीन बकलांचे, आत कोणाच्या तरी मागच्या सत्राचा ओलावा. माझ्या डाव्या बुटाचं मधलं बकल लागतच नव्हतं. बदलून मागितला तर एक नंबर मोठा मिळाला. त्यात घोटा असा हलत होता की पाय एकीकडे आणि पातं दुसरीकडे. पात्याला धार आहे की नाही हे अंगठ्याच्या नखावर घासून बघतात असं लेकाने सांगितलं. घासलं, नखाचा भुगा काही पडला नाही. धार नसली की पातं बर्फात रुतत नाही, नुसतं वाहत जातं. माझं तसंच झालं.

आणि इथेच मला तो स्टीव्हन ब्रॅडबरी पहिल्यांदा नीट कळला. तो याच शहरात सराव करायचा. जिथे नळाचं गार पाणी उन्हाळ्यात कोमट येतं, त्या गावचा पोरगा शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटर, म्हणजे बर्फाच्या छोट्या ट्रॅकवर सगळ्यांसोबत एकदम शर्यत लावणारा! १९९४ साली लिलेहॅमरला रिले संघातून त्याने कांस्य मिळवलं, ते ऑस्ट्रेलियाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलंवहिलं पदक. त्याच वर्षी माँट्रियलच्या शर्यतीत दुसऱ्याचं पातं त्याच्या उजव्या मांडीत आरपार गेलं. चार लिटर रक्त गेलं, १११ टाके पडले. शॉर्ट ट्रॅकची एक फेरीही साधारण १११ मीटरची असते. हा योगायोग लक्षात आला आणि मी धार नसलेल्या बुटांबद्दलची निम्मी तक्रार मागे घेतली. २००० साली सरावात मान मोडली, दोन मणके. डोक्याच्या कवटीला स्क्रू लावून लोखंडी कडं बसवलं होतं. पुन्हा स्केटिंग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन वर्षांत गडी सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकला हजर.

वर त्याचा धंदा काय, तर स्केटिंगचे बूट बनवायचा. अमेरिकेचा अपोलो ओनो, म्हणजे १००० मीटरला ज्याच्या नावावर सगळ्यांनी सोनं लिहून ठेवलं होतं, त्याच्या पायातही ब्रॅडबरीचेच बूट होते. जिंकलास तर बुटांचं नाव घे रे, अशी मेलही याने त्याला टाकली होती. आपण पुरवलेल्या बुटांच्या मागे आपणच पाचवे धावायचं, याला काय म्हणावं!

बर्फाबद्दल. सत्राच्या सुरुवातीला काचेसारखा होता, झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करायची गाडी, नुकतीच फिरून गेली होती. तासाभरात कोपऱ्यांवर चरे आणि पाण्याची डबकी. मधे अर्धा तास कडेला थांबवून पुन्हा गुळगुळीत करायला हवा होता, केला नाही. लहान मुलांना धरायला प्लॅस्टिकचे पेंग्विन मिळतात, तासाचे ८ डॉलर. मोठ्यांना देत नाहीत. मी मागून पाहिला.

पंचविसाव्या मिनिटाला मी पडले. एकटी पडले असते तर सांगितलंही नसतं. वळणावर कठडा सोडून लेकाचा हात धरायला गेले, तो आडवा झाला, त्याच्यावर दोन कॉलेजची पोरं. पडल्यावर थांबतो माणूस, ही आपली जमिनीवरची समजूत. बर्फावर पडलेला माणूस थांबत नाही, तो जात राहतो, आणि वळणावर असला तर सरळ बाहेरच्या भिंतीकडे जातो. आम्ही चौघं गाठोड्यासारखे कठड्यावर आदळलो. आतली बाजू पूर्ण मोकळी झाली, आणि तिथून पेंग्विन ढकलत एक पाच वर्षांची मुलगी आमच्याकडे न बघता निघून गेली.

दुखऱ्या कोपराला बर्फ लावून (मागितल्यावर लगेच दिला, फुकट, याचे पूर्ण गुण) कॅन्टीनमध्ये सासूबाईंना ती शर्यत दाखवली. १६ फेब्रुवारी २००२. खरं तर ब्रॅडबरी उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर गेला होता, पण पुढच्या एकाला बाद केलं म्हणून वर आला. उपांत्य फेरीत पुढचे आपटले म्हणून अंतिम फेरीत. प्रशिक्षक अ‍ॅन झांगशी बोलून ठरलेलं होतं: अठ्ठाविसाव्या वर्षी एका संध्याकाळी इतक्या शर्यती या पायांना झेपणार नाहीत, पुढच्यांच्या वेगाला आपण पुरणार नाही, तर त्यांच्या धक्काबुक्कीत जायचंच नाही. मागे राहायचं. नऊ फेऱ्या. शेवटच्या वळणावर चीनचा ली जियाजुन ओनोच्या बाहेरून घुसायला गेला, पडला. मग कोरियाचा आन, ओनो आणि कॅनडाचा तुर्कोत एकमेकांत अडकले आणि चौघेही भिंतीकडे. मागे राहिलेला ब्रॅडबरी तेवढा उभा, तोच पहिला.

लोक हसतात, नशीब म्हणतात. मी घरी हिशोब केला. त्याची वेळ १ मिनिट २९.१०९ सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. तो १५ मीटर मागे होता. पुढे चार माणसं कोसळताहेत हे बघून, आपली रेषा न सोडता, न दचकता जायला त्याच्याकडे सव्वा-दीड सेकंद होता. याहून जवळ असता तर पाचवा त्या गाठोड्यात. ताशी ४० किलोमीटरने, एका पायाच्या पात्यावर. मला त्या बकल नसलेल्या बुटात ताशी चारने कठड्यापासून कठड्यापर्यंत जाता आलं नाही. रेषा ओलांडल्यावर त्याने हात वर केले तेही अर्धवट, विचारून घ्यावं तसे. हिवाळी ऑलिंपिकमधलं दक्षिण गोलार्धाचं हे पहिलं सोनं. पुढे पोस्टाने त्याचं तिकीट काढलं.

सासूबाईंनी मात्र वेगळंच पाहिलं. ‘त्या दाढीवाल्या पोराला लागलं की गं.’ ओनोला मांडीला टाके पडले, हे खरं आहे. पडल्या जागेवरून उठून त्याने पाय रेषेपलीकडे फेकला आणि रौप्य घेतलं, हे मी सांगितलं. ‘मग त्याचं पण तिकीट काढा म्हणावं,’ म्हणाल्या आणि माझ्या चिप्स संपवल्या. चिप्स चांगल्या होत्या, गरम, मीठ बेताचं. चहा नको घेऊ, पिशवीचा आणि कोमट.

थोडक्यात व्यवहाराचं: शनिवार दुपार टाळा, वाढदिवसांच्या टोळ्या असतात. स्वतःचे जाड मोजे न्या, फुल पँट घाला, हातमोजे तर हवेतच. बूट घेतल्यावर काउंटर सोडायच्या आधी सगळी बकलं लावून बघा. पाचात तीन तारे देते, बुटांनी दीड घालवला आणि बघ्यांच्या ५ डॉलरांनी अर्धा. लेकाने पुढच्या शनिवारचं तिकीट काढलंय. सासूबाई म्हणतात त्यांनाही यायचंय, पण त्यांना पेंग्विन मिळणार असेल तरच.