४ मिमीची ८० सेंमी गोल सुई: घ्यावी का?

आपल्याला नेमकं काय विणायला आवडतं, हे अजून उमगलेलं नसेल तर सगळ्या मापांचा महागडा संच घेण्याची घाई नको. ४ मिमी जाडीची, टोकापासून टोकापर्यंत ८० सेंमी लांबीची एकच गोल सुई (लवचीक दोरीने जोडलेल्या दोन छोट्या सुया) पुरते. सपाट कामही तिच्यावर होतं. प्रत्येक ओळीनंतर सुया हातात उलट करून घ्यायच्या, एवढंच. मुंबईकरांसाठी आणखी एक सोय म्हणजे लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून विणताना शेजारणीच्या बरगडीत सुई जात नाही आणि हातातून सुटली तर बाकाखाली घरंगळतही नाही.

दुकानात आधी जोड तपासा. दोरी सुईला मिळते तिथे ओढणीची कड फिरवून बघा. धागा अडकला तर ती सुई नको, कारण प्रत्येक ओळीत तिथेच टाके अडतील. नवी दोरी वेटोळं सोडत नसेल तर गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ ताणून धरा. स्टीलवर टाके भराभर सरकतात, बांबूवर धरून राहतात. घामट हाताने विणताना धागा मुळातच ओढला जातो आणि टाके घट्ट पडतात, त्यामुळे एप्रिल-मेसाठी स्टील बरी. जाळीदार वीण नव्याने शिकताना मात्र बांबू घ्या, टाका निसटत नाही.

मापात खरा घोळ आकड्यांचा आहे. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ नंबर म्हणजे ४ मिमी, अमेरिकन नमुन्यात ८ नंबर म्हणजे ५ मिमी. ४ मिमीवर १० सेंमीला २२ टाके धरून ८८ टाक्यांचं टोपडं ४० सेंमी घेराचं होतं. ५ मिमीवर १० सेंमीला १८ टाके बसले तर तेच ४९ सेंमी होतं, म्हणजे बाळाऐवजी मोठ्या मुलाच्या डोक्याला बसेल. नंबर विसरा, मिमी वाचा.

सुरुवात तिरक्या रुमालाने करा. सुती दोऱ्याची ५० ग्रॅमची गुंडी भरपूर झाली. ४ टाके घालून एक ओळ सुलट. पुढे प्रत्येक ओळीत २ सुलट, सुईवर दोरा घेऊन एक टाका वाढवायचा, उरलेले सुलट. ४४ टाके झाले की उलटा प्रवास: १ सुलट, दोन टाके एकत्र, सुईवर दोरा, पुन्हा दोन एकत्र, उरलेले सुलट. सुती दोऱ्याला ताण नसतो, म्हणून बोटं लवकर दुखतात. हाच कंटाळा आला तर सुती कपड्यांच्या वाटेला जाऊ नका.

यानंतर टोपडं, आणि या सुईची खरी करामत इथेच आहे. ८८ टाके घाला, ४४-४४ असे दोन भाग करून मधून दोरीचा फास बाहेर काढा (मॅजिक लूप) आणि गोल विणा. जोडण्याआधी सगळ्या टाक्यांची कड खाली आहे ना ते बघा. पीळ पडला तर पुढे दुरुस्ती नाही, उसवावंच लागतं. दोन भागांच्या सांध्यावर शिडीसारखी फट दिसते. तिथला दुसरा टाका घट्ट ओढा. साधारण १२ सेंमी उंचीनंतर ९ सुलट, दोन एकत्र असं आठदा, मग एक फेरी साधी. पुढच्या घटीला (टाके कमी करायच्या फेरीला) ८ सुलट, मग ७. दहा घटींनंतर ८ टाके उरतात, त्यांतून दोरा ओवून आवळायचा. शिवण कुठेच नाही, दोन-तीन संध्याकाळींत वस्तू हातात. शिवणीचा तिटकारा असलेल्यांना हेच आवडतं, हे बहुतेक ठरलेलं.

त्रिकोणी शालीत एकाआड एक ओळीत ४ टाके वाढतात. सुरुवात वेगवान, पण पन्नास वाढींनंतर ओळीत दोनशेहून अधिक टाके असतात आणि तिथे खूप जण सोडतात. जाळीदार नमुना असेल तर दर दहा ओळींनी वेगळ्या रंगाचा बारीक दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. चुकलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं. शालीसाठी सुती-अ‍ॅक्रिलिक मिश्रण बरं. अ‍ॅक्रिलिकवर मात्र गरम इस्त्री फिरवू नका, वीण कायमची चपटी होते. शुद्ध लोकर पावसाळ्यात कुबट होते आणि गरम पाण्यात चोळली तर आटते.

स्वेटर या सुईवर होतो, पण मे महिन्यात मांडीवर अर्धा किलो लोकर घेऊन बसायची तयारी हवी, शिवाय सगळ्या गुंड्या एकाच डाय लॉटच्या (एकाच वेळी रंगवलेल्या) घ्याव्या लागतात. मोज्यांना ही सुई बाद. २.५ मिमी लागते, आणि दादरच्या उकाड्यात लोकरी मोजे घालणार कोण?

टोपडी आवडली तर पुढची खरेदी ४ मिमीचीच, पण ४० सेंमी लांबीची. फास न काढता सलग विणता येतं. घट सुरू झाली की मात्र पुन्हा ही ८० चीच लागते.