कँडीहून नुवारा एलिया एका दिवसात: खासगी गाडीची सहल घ्यावी का, आणि कशी घ्यावी

श्रीलंकेत सकाळी कँडीत गाडीत बसायचं, डोंगर चढत चहाच्या मळ्यांतून नुवारा एलियाला जायचं, वाटेत मारुती आणि सीतेचं देऊळ करायचं आणि रात्री झोपायला परत कँडीत. कँडीतलं जवळजवळ प्रत्येक हॉटेल ही सहल विकतं. सहल घेण्यासारखी आहे, पण हातात दिलेला कार्यक्रम जसाच्या तसा स्वीकारू नका. देवळांना सकाळ लागते, चहाच्या कारखान्यालाही सकाळ लागते, आणि दुपारनंतर डोंगरात धुकं आणि पाऊस उतरतो. ती एकच सकाळ कशी वाटून घेतली आहे, यावर सहलीचा सगळा दर्जा ठरतो.

आधी रस्ता समजून घ्या. कँडी साधारण ५०० मीटर उंचीवर आहे, नुवारा एलिया १,८०० मीटरच्या वर. अंतर ७५ किलोमीटरच्या आसपास असलं तरी पेराडेनिया, गंपोला, पुस्सेल्लावा, रंबोडा, लबुकेली असं चढत जाताना अडीच ते तीन तास सहज लागतात. पहिला तास गावांच्या गर्दीत जातो आणि पुस्सेल्लावानंतर वळणं सुरू होतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. सीतेचं देऊळ असलेलं सीता एलिया आणि त्यापुढची हक्गलाची बाग धरून येण्याजाण्याचं अंतर १७०-१७५ किलोमीटर होतं. काही गाडीवाले दिवसाला १०० किंवा १५० किलोमीटरची मर्यादा घालून भाव कमी सांगतात आणि संध्याकाळी वरच्या किलोमीटरचे पैसे मागतात. म्हणून भाव ठरवताना ‘हक्गलापर्यंत आणि परत, किलोमीटरची मर्यादा नाही’ हे शब्द लेखी घ्या, मोबाइलवरचा संदेश पुरतो. भाव गाडीचा असतो, माणशी नसतो. त्यात इंधन, पार्किंग आणि चालकाचं जेवण धरलेलं असावं. तिकिटं बहुतेक वेळा धरलेली नसतात.

तिघांपर्यंत साधी कार चालते. चौघं आणि सामान असेल तर तिथे ज्याला केडीएच म्हणतात ती टोयोटाची व्हॅन घ्या. टुकटुकने, म्हणजे रिक्षाने, हा घाट करू नका, थंडी आणि पाऊस दोन्ही अंगावर येतात आणि वेळ दीडपट लागतो. चालक आणि गाइड यांतला फरकही विचारून घ्या. श्रीलंकेत पर्यटन प्राधिकरणाचा परवाना असलेला ‘शोफर गाइड’ वेगळा आणि नुसता चालक वेगळा. नुसता चालक देवळाच्या दारापर्यंत सोडतो, आत माहिती देण्याचा परवाना त्याच्याकडे नसतो. या मार्गावर परवानाधारक गाइड नसला तरी फार अडत नाही, कारण कारखान्यात त्यांचा माणूस माहिती देतोच आणि रामायणातली गोष्ट मराठी घराला नव्याने सांगावी लागत नाही. घाटात सवयीने गाडी चालवणारा माणूस मात्र हवाच. मे २०२५ मध्ये याच रस्त्यावर कोत्मले भागात पहाटेच्या अंधारात प्रवासी बस दरीत कोसळून वीसहून अधिक माणसं गेली. त्यामुळे आदल्या रात्री उशिरापर्यंत गाडी चालवलेला चालक नको, हे बुकिंग करताना स्पष्ट सांगा. आणि परतताना रंबोड्याची वळणं उजेडात संपतील असा हिशेब ठेवा.

आता क्रम. विकला जाणारा नेहमीचा क्रम असा: आठ-साडेआठला निघायचं, वाटेत मसाल्याची बाग किंवा रत्नांचं दुकान, अकराला रंबोड्याचं मारुतीचं देऊळ, बाराला चहाचा कारखाना, दीड-दोनला नुवारा एलियात जेवण, साडेतीनला सीता अम्मन, म्हणजे सीता एलियाचं सीतेचं देऊळ. यात जवळजवळ सगळं चुकीच्या वेळी येतं. कारखान्यात तोवर पानं मळण्याचं काम आटोपत आलेलं असतं. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर दुपारचा पाऊस जवळजवळ ठरलेला, म्हणजे सीता एलियाला पोहोचेपर्यंत समोरची झाडीही दिसत नाही.

त्यापेक्षा सहाला निघा, हॉटेलकडून नाश्ता बांधून घ्या, आणि रंबोड्याला न थांबता थेट लबुकेलीच्या कारखान्यात साडेआठ-नऊपर्यंत पोहोचा. तिथून नुवारा एलिया गावात न रेंगाळता सीता एलियाला साडेदहापर्यंत. मग हक्गलाची बाग, साडेबाराला गावात जेवण, दोनला परतीला लागायचं आणि साधारण तीनला रंबोड्याचा मारुती. तमिळ पद्धतीच्या देवळात, म्हणजे कोविलात, दुपारी काही तास गाभारा बंद ठेवण्याचा प्रघात आहे. या क्रमात सीतेचं दर्शन त्याआधी होतं आणि मारुतीचं त्यानंतर. साडेसहाच्या सुमारास कँडीत परत.

मसाल्याच्या बागा आणि दुकानं कार्यक्रमातून काढूनच टाका. तिथल्या विक्रीवर गाडीवाल्याला कमिशन मिळतं, म्हणून ‘फक्त वीस मिनिटं, फुकट आहे’ असा आग्रह होतो आणि तेल-चूर्णाच्या बाटल्यांपुढे तासभर जातो. निघण्याआधीच ‘एकही दुकान नको’ सांगितलं तर चांगला चालक वाईट मानत नाही. त्याचा तुटलेला पैसा संध्याकाळी बक्षिसीत भरून काढा, हा व्यवहार दोघांनाही बरा पडतो.

चहाचा कारखाना हा या दिवसातला सर्वांत भरीव भाग, आणि बहुतेक जण तो पंधरा मिनिटांत उरकतात. लबुकेलीला (पूर्वी मॅकवूड्स, आता दामरो) थांबायला सोपं, कारण तो मुख्य रस्त्यावरच आहे. वरच्या मजल्यावरून सुरुवात करा. तिथे लांबलचक हौदांत ओली पानं पसरून खालून हवा सोडलेली असते. बारा ते अठरा तासांत पानातलं पाणी पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांवरून पंचावन्नच्या आसपास येतं आणि पान चामड्यासारखं लवचीक होतं. मग ते खाली मळणीच्या यंत्रात जातं, पेशी फुटतात, हवा लागते आणि हिरवं पान तांबूस होऊ लागतं. याला तिथे फर्मेंटेशन म्हणतात, पण ते आंबणं नव्हे. कापलेलं सफरचंद काळं पडतं तशीच ही क्रिया आहे. तिची वेळ चुकली की चहा एकतर कच्चा लागतो किंवा बेचव. शेवटी भट्टीत सुकवून पाण्याचा अंश तीन टक्क्यांच्या आसपास आणतात. साडेचार किलो ओल्या पानांचा साधारण एक किलो चहा होतो.

आदल्या दिवशी खुडलेलं पान रात्रभर मलूल होतं आणि पहाटेपासून मळलं जातं, म्हणून सकाळी जायचं. नुवारा एलियाजवळच्या पेड्रोसारख्या उंचावरच्या कारखान्यात तर बरंचसं काम रात्रीच्या थंडाव्यातच उरकतं. रविवारी सहसा खुडणी नसते, त्यामुळे रविवारी दुपारी आणि सोमवारी सकाळी यंत्रं थांबलेली मिळण्याची शक्यता जास्त. पोया, म्हणजे पौर्णिमेची सुट्टी, थाई पोंगल आणि १३-१४ एप्रिलचं नववर्ष या दिवशीही तेच. सहल मंगळवार ते शनिवार ठेवा आणि आदल्या दिवशी चालकाला फोन करून ‘उद्या यंत्रं चालू आहेत का’ एवढं विचारायला लावा. थांबलेल्या यंत्रांपुढची माहिती आणि चालू यंत्रांच्या वासातली माहिती यांत फार फरक आहे.

मळ्यात रस्त्याच्या कडेला टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका फोटोचे पैसे मागतात. फोटो काढलात तर द्या, द्यायचे नसतील तर काढू नका. हे मलैयह तमिळ लोक, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तमिळ मुलखातून आणलेल्या मजुरांचे वंशज. १८६७ मध्ये जेम्स टेलरने कँडीजवळ लुलेकंदुरा इथे एकोणीस एकरांवर चहा लावला आणि १८६९ पासून तांबेरा रोगाने कॉफी बुडवली, तेव्हापासून हा सगळा डोंगर त्यांच्या हातांवर उभा आहे.

सीता अम्मन कोविल नुवारा एलियापासून पाचेक किलोमीटरवर, बदुल्ला रस्त्याला लागूनच आहे. देऊळ लहान आहे. मोठ्या तीर्थक्षेत्राची अपेक्षा ठेवून आलेले लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात, आणि ते त्यांचं नुकसान. देवळामागे ओढा आहे, पलीकडे खडकात खड्डे आहेत, त्यांना मारुतीची पावलं मानतात. ही अशोकवाटिका, असं स्थानिक श्रद्धा सांगते. मे २०२४ मध्ये इथे कुंभाभिषेक झाला, त्यासाठी अयोध्येहून शरयूचं पाणी आलं होतं. पाऊस झाल्यावर ओढ्याकाठचे दगड शेवाळाने निसरडे होतात, वयस्कर माणसांना पायरीपुरतंच उतरू द्या. हक्गलाची बाग इथून पुढे थोड्याच अंतरावर. १८६१ मध्ये ती सिंकोना लावण्यासाठी, म्हणजे क्विनाइनसाठी, सुरू झाली. फुलांची आवड नसेल तर ती गाळा आणि तो तास जेवणाला द्या. ग्रेगरी तलाव गाडीतून दिसतो तेवढा पुरे.

रंबोड्याचं भक्त हनुमान मंदिर चिन्मय मिशनने बांधलेलं आहे. उंच मूर्ती, स्वच्छ आवार, समोर कोत्मले धरणाचं पाणी आणि डोंगरांची रांग. या सहलीतलं सर्वांत शांत ठिकाण हेच. मुख्य रस्त्यावरून वर जायचा चढ तीव्र आहे, गाडी वरपर्यंत नेणार का ते आधी विचारा.

जेवणाबद्दल शाकाहारी लोकांनी एक शब्द पाठ करावा: उंबलकड. हा सुकवलेला मासा, बारीक कुटून खोबऱ्याच्या सांबोलात, म्हणजे चटणीत, आणि पुष्कळदा भाज्यांतही घालतात. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर वरचा तुकडा काढून तीच भाजी पुढे येऊ शकते. ‘मस् मालु एपा, उंबलकड एपा’ म्हणजे मांस-मासे नकोत, उंबलकडही नको. खात्री हवी असेल तर बाजारातलं तमिळ ‘सैव’ हॉटेल शोधा.

जाहिरातीतले फोटो नीट बघा. सेंट क्लेअर आणि डेव्हन हे धबधबे हॅटनच्या रस्त्यावर आहेत, या रस्त्यावर नाहीत. नऊ कमानींचा पूल एल्लाला आहे, नुवारा एलियाहून आणखी पन्नासेक किलोमीटर पुढे. या सहलीच्या जाहिरातीत ते दिसले तर विकणाऱ्याने कार्यक्रम स्वतः वाचलेला नाही. कँडी ते नानुओया (नुवारा एलियाजवळचं स्टेशन) आगगाडीने आणि पुढे गाडीने, असाही प्रकार मिळतो. प्रवास सुंदर आहे, पण साडेतीन-चार तास रुळांवर जातात आणि हीच ती सकाळ. आगगाडी हवी असेल तर नुवारा एलियात मुक्काम करा.

तुमच्या मनातली ‘देवळं’ म्हणजे गडलादेणिया, लंकातिलक आणि एम्बेक्के असतील तर तो वेगळा दिवस आहे. तिन्ही कँडीच्या पश्चिमेला, पिलिमतलावाच्या आसपास, चौदाव्या शतकातली, गंपोला राजधानी असतानाची. गडलादेणिया आणि लंकातिलक १३४४ सालची. पहिल्याच्या दगडकामात दक्षिण भारतीय हात स्वच्छ दिसतो. एम्बेक्के कतरगम देवाचं, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचं. त्याच्या लाकडी सभामंडपाचे कोरीव खांब पाहून लोक निघून जातात, मान वर करत नाहीत. छताचे सव्वीस वासे एका लाकडी खुंटीत येऊन मिळतात, त्या खुंटीला ‘मडोल कुरुपाव’ म्हणतात. सुतारकामाची आवड असणाऱ्याने तिच्यासाठी म्हणून जावं. ही तीन देवळं आणि नुवारा एलिया एका दिवसात कोंबणाऱ्याला नाही म्हणा. त्यांच्या जोडीला हंतानाचं चहा संग्रहालय घ्या. ते कँडीपासून चारेक किलोमीटरवर, जुन्या कारखान्याच्या इमारतीत आहे आणि सोमवारी बंद असतं. लहान मुलं किंवा गुडघेदुखी असलेल्यांना हाच दिवस मानवतो. बुद्धाचा दात जपलेलं कँडीतलं दंतमंदिर तर कोणत्याच सहलीत घेऊ नका. ते तुमच्या मुक्कामाच्या गावातच आहे. आदल्या संध्याकाळी साडेसहाच्या पूजेला चालत जा.

सगळीकडे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला-बूट आणि टोपी बाहेर. लंकातिलकचा कातळ उन्हात पाय भाजतो, मोजे ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, ते गंभीरपणे घेतलं जातं. वर नुवारा एलियात दुपारीही स्वेटर लागतो. पासपोर्ट जवळ ठेवा, काही ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना कमी दराचं तिकीट मिळतं.

चहा विकत घेताना मराठी घरात नेहमी होणारी चूक: नुवारा एलियाचा सर्वांत महाग चहा आणायचा आणि आलं-दूध घालून उकळायचा. उंचावरचा चहा फिकट आणि सुगंधी असतो, दुधात तो हरवतो. दुधाच्या चहासाठी सहाशे मीटरखालच्या किंवा मधल्या उंचीचा बीओपीएफ किंवा डस्ट (बारीक चुऱ्याच्या प्रती) घ्या, रंग आणि कडकपणा त्यात असतो. कोऱ्या चहासाठी नुवारा एलियाचा बीओपी किंवा ओपी (त्याहून मोठ्या पानाच्या प्रती), दोनशे मिलिलीटर पाण्याला दोन-अडीच ग्रॅम, उकळी आलेलं पाणी ओतून तीन मिनिटं झाकायचं, उकळायचं नाही. फेब्रुवारी-मार्चचा कोरडा हंगाम तिथल्या उत्तम चहाचा, म्हणून पाकिटावरची तारीख बघा. तलवारधारी सिंहाचं चिन्हही बघा. ते फक्त शुद्ध सिलोन चहा श्रीलंकेतच पॅक केलेला असेल तरच लावता येतं.